एक जून

तुमच्या नात्यात एक जूनला वाढदिवस असणारी माणसं किती आहेत, एकदा मोजून बघा. आमच्याकडे चार आहेत. आप्पा, धाकटे काका, मोठी आत्या आणि आत्याचे यजमान. जन्म नेमका कधी झाला ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं, शाळा जूनमध्ये उघडायची, वय बसवायचं होतं, गुरुजींनी एक जून लिहून टाकलं. दरवर्षी त्या दिवशी मी इथून चार फोन करते. चौघंही "कसला आलाय वाढदिवस" म्हणतात आणि चौघंही फोनची वाट बघत असतात.

न्यूझीलंडमध्ये एक जून हा गाईंचा दिवस आहे. त्याला 'मूव्हिंग डे' म्हणतात, जुनी माणसं अजूनही 'जिप्सी डे' म्हणतात. डेअरीचं वर्ष त्या दिवशी सुरू होतं. जुने करार संपतात, नवे लागू होतात. इथे 'शेअरमिल्कर' नावाचा एक प्रकार आहे: बहुतेकदा जमीन दुसऱ्याची, गाई स्वतःच्या, दुधाच्या पैशात वाटणी. आपल्याकडच्या अर्धेलीचाच भाऊ. करार संपला की हे लोक गाई, कुत्री, मुलं, फ्रीज सगळं घेऊन दुसऱ्या फार्मवर जातात. त्या आठवड्यात हायवेवर गुरांचे दुमजली ट्रक एकामागून एक दिसतात. जवळ जायचं असेल तर गाई चालतही नेतात, मागे क्वाड बाइकवर कुणीतरी आणि तिच्यामागे निमूटपणे थांबलेल्या गाड्यांची रांग.

मी पोस्टडॉक आहे, जनावरांच्या जिवाणूजन्य आजारांवर काम करते, मुख्यतः कासदाहावर. आमच्या कऱ्हाडकडे त्याला 'दगडी' म्हणतात, कारण कास हाताला दगडासारखी लागते. कोणता जिवाणू, कोणत्या फार्मवर, वर्षाच्या कोणत्या वेळी, असा माझा प्रश्न. इथे आल्यावर पहिले काही महिने मी पावसाचे, तापमानाचे, दमटपणाचे आकडे गोळा करत होते, कारण प्रबंधांमध्ये 'सीझन' या शब्दाखाली तेच असतं. पण इंग्रजीतला हा एक शब्द दोन गोष्टी एकाच पोत्यात भरतो. मराठीत आपण त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. पावसाळा हा ऋतू. खरीप हा हंगाम, उसाचा गळीत हंगाम हाही हंगाम. ऋतू येतो, हंगाम माणूस धरतो. हा फरक मला प्रयोगशाळेत नाही, एक जूनच्या ट्रकांमागे गाडी अडकली असताना नीट कळला.

मी राहते रिकार्टनला, क्राइस्टचर्च शहराच्या पश्चिमेच्या उपनगरात. विद्यापीठ जवळ असल्यामुळे विद्यार्थ्यांचा भाग. रिकार्टन रोडवर चिनी, कोरियन, भारतीय दुकानांची रांग. पोहे, कढीपत्ता, सगळं मिळतं. गाय दूरवर दिसत नाही. पण कँटरबरीच्या सपाटीवर युरोपियन लोकांची पहिली टिकलेली शेती इथेच झाली. स्कॉटलंडहून आलेल्या विल्यम आणि जॉन डीन्स या भावांनी १८४३ मध्ये इथे बस्तान बसवलं, ऑस्ट्रेलियाहून जहाजातून गुरं-मेंढ्या आणल्या, आणि आपल्या मुलखातल्या गावाचं नाव या जागेला दिलं. त्याआधीपासून माओरी लोक या ठिकाणाला पुतारिंगामोतू म्हणत होते, आजही म्हणतात. डीन्स भावांची पहिली झोपडीवजा लाकडी घरकुली अजून उभी आहे, शेजारी काहिकातिया झाडांच्या जुन्या रानाचा एक तुकडा शिल्लक आहे, आणि शनिवारी सकाळी तिथे बाजार भरतो. मी चीज घ्यायला जाते. विक्रेत्याला कळपाविषयी नको इतके प्रश्न विचारते, ही सवय आता जाणार नाही.

रिकार्टनहून पश्चिमेला हॉर्न्बी, मग रोलस्टन मागे टाकलं की सपाटी सुरू होते. पूर्वी हा मुलूख मेंढ्यांचा आणि गव्हाचा. १९९० नंतर पाण्याच्या योजना आल्या, शेकडो मीटर लांबीचे फिरते फवारे आले, आणि मेंढ्यांच्या जागी दुभत्या गाई आल्या. आज इथला सरासरी कळप आठशेच्या आसपास आहे. आठशे गाई आणि दोन वेळची धार काढायला चार-पाच माणसं. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग नावं कशी लक्षात ठेवत्यात?" नावं नसतात, नंबर असतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. या आठशेच्या आठशे गाई साधारण एकाच वेळी वितात. जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, जोर ऑगस्टमध्ये. याचं कारण गवत. इथे गोठा नाही, बांधलेलं जनावर नाही, पेंड कमी. गाय कुरणातलं गवत खाते, आणि गवत वाढतं सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. गाईला सगळ्यात जास्त भूक लागते ती व्याल्यानंतर काही आठवड्यांनी. म्हणून ती भूक आणि ते गवत एकमेकांना गाठतील असा हिशोब मांडायचा. गाईचे नऊ महिने नऊ दिवस उलटे मोजायचे, ऑक्टोबरच्या अखेरीपासून रेतन करायचं, मे महिन्यात सगळ्या गाई एकदम आटवायच्या. हिवाळ्यात दूध जवळजवळ बंद. दुधाच्या कारखान्यांचीही त्या काळात देखभाल चालते. हा हिशोब इतका सुंदर बसतो की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आपल्या पंचांगकर्त्यांची आठवण झाली.

मग भाकड गाई हिवाळ्यात कुठे ठेवायच्या? पुष्कळ फार्म त्यांना दुसऱ्याच्या शेतावर पाठवतात. तिथे केल किंवा फॉडर बीट, म्हणजे चाऱ्याचं बीट, पेरलेलं असतं. रोज तार थोडी पुढे सरकवायची, गाई एकेक पट्टा खात जातात. जून-जुलैचा पाऊस, उघडी जमीन, आठशे गाईंचे खूर. काय रेंदा होतो ते तुम्ही डोळ्यांसमोर आणू शकता. तिथून त्या परततात ते विण्याच्या थोडं आधी, आणि विण्याच्या बेतातल्या गाईंना लक्ष ठेवायला सोपं म्हणून शेडजवळच्या लहान पॅडॉकमध्ये दाटीनं ठेवतात. तेच पॅडॉक, दरवर्षी, ऑगस्टमध्ये.

नेमक्या याच दिवसांत गाईच्या सडाचं दार उघडं असतं. भाकड काळात सडाच्या नळीत केराटिनचं एक बूच तयार होतं, ते जिवाणूंना अडवतं. विण्याआधी कास भरायला लागते, दाब वाढतो, बूच सैल होतं, काही गाईंचं दूध आपोआप गळतं. त्याच वेळी शरीराची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते. आणि गाय बसते कुठे, तर शेण, मूत आणि मातीच्या त्या राडीत. तिथे स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस नावाचा जिवाणू आरामात राहतो. गाईच्या आतड्यातून येतो, मातीत टिकतो, ओल्या गवताच्या अंथरुणात वाढतो. इथल्या विण्याच्या काळातल्या कासदाहाचं सगळ्यात मोठं कारण तोच आहे. पहिलारू कालवडींना त्याचा त्रास जास्त, कारण त्यांची कास सुजलेली, अंगावर आलेलं सगळंच नवीन.

आमचं काम त्या दिवसांत पहाटे चारला सुरू होतं. शेडमध्ये गाय फिरत्या चौथऱ्यावर येते, सड स्पिरिटच्या कापसानं पुसायचा, पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या, मग नळी तिरपी धरून थोडं दूध घ्यायचं. प्रत्येक सडाची वेगळी नळी. प्रयोगशाळेत ते दूध एस्क्युलिन घातलेल्या ॲगरवर पसरलं की युबेरिसच्या ठिपक्यांभोवती दुसऱ्या दिवशी काळपट वलय दिसतं. पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. वेगवेगळ्या गाईंमधले जिवाणू एकाच कुळातले आहेत का, ते बघायचं. युबेरिस बहुधा प्रत्येक गाईत वेगळ्या कुळाचा निघतो, कारण प्रत्येकीनं तो आपापला चिखलातून उचललेला असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस असेल तर उलट: एकदोन कुळंच सगळ्या कळपात सापडतात, कारण तो धारेच्या वेळी यंत्राच्या कपातून, हातांतून, एका कासेतून दुसऱ्या कासेत जातो. म्हणून युबेरिसचा जोर ऑगस्टमध्ये आणि ऑरियसचा साठत साठत मार्च-एप्रिलकडे. दोन जिवाणू, दोन हंगाम, आणि दोन्ही माणसानं ठरवलेल्या दिनक्रमाचे. एकाला विण्याची जागा जबाबदार, दुसऱ्याला धारेची पद्धत. आकाशाचा भाग त्यात आहे, पण जेवढा मी धरून चालले होते तेवढा नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर सगळं आकाशावरच असतं. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. मृग लागायच्या आत घटसर्पाची लस टोचून घ्यायची, हे आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांच्या खरेदीइतकंच ठरलेलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घटसर्प म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे गुरांना होणारा आजार. सणसणून ताप, गळ्याला सूज, श्वासाची घरघर, आणि एक-दोन दिवसांत खेळ खलास. म्हशींना तो गाईंपेक्षा जास्त झडप घालतो. (माणसांच्या घटसर्पाशी, म्हणजे डिप्थेरियाशी, नावापलीकडे काही संबंध नाही. माझ्या गाईडना हे समजावताना बराच वेळ गेला होता.) आमच्या शेजाऱ्यांच्या दोन म्हशी एका आषाढात अशा गेल्या. सकाळी घराबाहेर बायका बसल्या होत्या ते माणूस गेल्यासारख्याच. पावसानं आणला, असं सगळे म्हणाले.

पण हा जिवाणू पावसातून येत नाही. काही धडधाकट दिसणारी जनावरं तो घशात, टॉन्सिलमध्ये वागवत असतात. उन्हाळ्याच्या अखेरीला कडबा संपत आलेला, जनावर हडकलेलं, त्यात पेरणीपूर्वीच्या मशागतीचं काम, मग एकदम दमट हवा आणि भिजणं. तेव्हा तो उसळतो आणि ओल्या गव्हाणीतून, डबक्यातून पसरतो. फऱ्याचंही तसंच, त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं मातीत पडून असतात आणि पावसाबरोबर वर येतात, तरण्याताठ्या, चांगल्या पोसलेल्या जनावरांच्या मांडीत सूज येते आणि दाबली की चरचर वाजते. पाऊस निमित्त आहेच. पण हडकलेलं जनावर हा आपला हंगाम आहे, चाऱ्याचा हिशोब आहे.

आणि जनावरांचं स्थलांतर? तेही आपल्याकडे आहे. दिवाळी झाली की बीडकडून, नगरकडून ऊसतोड कामगार बैलगाड्या घेऊन आमच्या भागात उतरायचे. ट्रॅक्टर वाढले तरी बैलगाड्या गेलेल्या नाहीत. कोप्या पडायच्या, बैल ओढ्यावर पाणी प्यायचे, तिथेच आमच्या म्हशी. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत हा मुक्काम. त्या बैलांना लस टोचली आहे का, हे कोण बघणार? जिथून निघाले तिथे ते नव्हते आणि जिथे आले तिथले ते नव्हते. माणसांच्या बाबतीत आपण हेच बोलतो, मुलांची शाळा कुठे, रेशन कुठे. गुरांच्या बाबतीत फारसं कुणी बोलताना मी ऐकलं नाही.

न्यूझीलंडला या प्रश्नाचं उत्तर फार महागात द्यावं लागलं. मी इथे येण्याआधीची, जुलै २०१७ ची गोष्ट. दक्षिण कँटरबरीत एका फार्मवरच्या गाईंमध्ये मायकोप्लाझ्मा बोव्हिस सापडला. दुधाच्या धंद्यातल्या बहुतेक देशांत हा जिवाणू आहेच. न्यूझीलंड आणि नॉर्वे ही मोजकी अपवादाची नावं होती. याला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिनच्या कुळातली औषधं, जी ती भिंतच मोडतात, त्याच्यापुढे निकामी. औषधाला दाद न देणारा कासदाह, वासरांना न्यूमोनिया, सांधे सुजणं. माणसाला धोका नाही. आणि पुष्कळ गाई बाहेरून ठणठणीत दिसतात.

तो हवेतून लांब जात नाही. नाकाला नाक लागावं लागतं, किंवा वासरानं बाधित दूध प्यावं लागतं. म्हणजे तो चालतो माणसांच्या व्यवहारावर. ऑगस्टमध्ये आठशे गाईंची वासरं एकदम जन्मतात, त्यातली पुष्कळशी चार दिवसांची असतानाच विकली जातात, वेगवेगळ्या फार्मची वासरं एका शेडमध्ये एकत्र वाढतात, विकायला न चालणारं दूध वासरांसाठी एकाकडून दुसऱ्याकडे जातं. हिवाळ्यात दोन कळप एकाच तारेच्या दोन बाजूंना बीट खात उभे असतात. आणि एक जूनला सगळा देश हलतो. जनावरांच्या कानात बिल्ला आणि हालचालीची नोंद २०१२ पासून कायद्यानं सक्तीची होती, पण प्रत्यक्षात किती शेतकरी ती नोंद करत नव्हते ते या वेळी उघड झालं. शेजाऱ्याला शब्दावर दिलेली वासरं कोण नोंदवतो! अधिकारी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून जुन्या डायऱ्या आणि चेकबुकं चाळत होते, असं मला एका शेतकरी बाईंनी सांगितलं.

मे २०१८ मध्ये सरकार आणि दूध-मांस उद्योगानं मिळून ठरवलं, की जिवाणू देशातून पूर्ण घालवायचा. दहा वर्षांचा कार्यक्रम, खर्चाचा अंदाज ८८ कोटी ६० लाख न्यूझीलंड डॉलर. बाधित फार्मवरचं प्रत्येक गुरू कापायचं, निरोगी दिसणारंसुद्धा. सुरुवातीचा अंदाज दीड लाख जनावरांचा होता; प्रत्यक्षात आकडा पावणेदोन लाखांच्या वर गेला. नुकसानभरपाई दिली गेली, बहुतेक मांस बाजारात गेलं. तपासाचंही हंगामाशी नातं होतं. व्याल्यानंतरच्या ताणात गाय जिवाणू जास्त सोडते, म्हणून टाकीतल्या दुधाच्या तपासणीत वसंतात तो जास्त सापडायचा. दर वसंतात लोक निकालाची धास्ती घेऊन बसायचे.

आप्पांना मी हे फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "सगळ्या? आजारी न्हाईत त्या बी?" मी हो म्हटलं. आमच्याकडे दगडीत एक सड गेलेली म्हैस होती. तीन सडांवर तिनं आणखी पाच वेतं दूध दिलं आणि शेवटी म्हातारी होऊन गोठ्यातच गेली. इथे एक सड गेलेली गाय पुष्कळदा हंगामाच्या अखेरीला ट्रकमध्ये चढते. यात कोण दयाळू आणि कोण क्रूर, असा सोपा निवाडा मी करणार नाही. तीन सडांची म्हैस ऑरियस घेऊन गोठ्यात उभी राहिली असेल तर शेजारच्या दोघींनाही तिनं तो दिला असेल. आणि महाराष्ट्रात २०१५ नंतर गाई-बैलांच्या बाबतीत कापण्याचा पर्यायच कायद्यानं राहिला नाही, मग उरतो तो उपचार, आणि उपचार म्हणजे अँटिबायोटिक, अनेकदा डॉक्टरांशिवायच. मायकोप्लाझ्मा घालवायचा निर्णय मला शास्त्र म्हणून पटतो. इतका मोठा देश गाईच्या दुधावर चालतो आणि हा जिवाणू एकदा मुरला की निघत नाही. न पटणारी गोष्ट दुसरीच आहे. लाखो गाई गेल्या, नोंदी कडक झाल्या, दंड वाढले, पण ज्या कॅलेंडरनं जिवाणूला रस्ता करून दिला त्याला कुणी हात लावला नाही. एक जून एक जूनच राहिला. गवताचं गणित इतकं पक्कं आहे की त्याच्याशी वाद घालायला कुणी तयार नाही, आणि त्यांची बाजू मला कळते. कोणत्याही शेतकऱ्याला बँकेचे हप्ते असतात.

योगायोग बघा, महाराष्ट्र शासनानंही १ जून २०२४ हीच तारीख धरली. त्यानंतर कानात बारा आकडी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येणार नाही, असं ठरलं. आप्पा वैतागले होते. "माझा वाढदिवस, आन् म्हशीला आधार कार्ड." पण त्यांनी बिल्ले मारून घेतले. उसाच्या बैलांच्या कानातही ते आले आणि कुणी ते खरंच वाचू लागलं, तर घटसर्पाची लस कुणाला पोचली ते निदान दिसेल.

दगडीबाबत मात्र आप्पांचा आणि इथल्या शेतकऱ्यांचा प्रश्न शब्दशः एक निघाला, याचं मला अजून नवल वाटतं. आप्पांनी काही वर्षांपूर्वी मुक्तसंचार गोठा केला. दावं सोडलं, कुंपण घातलं, निम्म्या भागावर पत्रा. उन्हाळ्यात उत्तम. म्हशी खूश, शेण वाळतं, माश्या कमी. पण म्हैस स्वभावतःच पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून पुढे विते, आणि श्रावणात त्या उघड्या भागाचा चिखल झालेला असतो. तिथेही ऑगस्ट, इथेही ऑगस्ट; तिथे पावसाळा, इथे हिवाळा, आणि दोन्हीकडे विणारं जनावर ओल्यात बसलेलं. आप्पा अंथरायला उसाचं पाचट टाकत होते. ओलं पाचट म्हणजे युबेरिसला पंगतच. इथेही गव्हाचा पेंढा टाकतात, तीच गत. मुरूम टाका, वाळू मिळाली तर वाळू, जिवाणूला खायला मिळेल असं काही नको, एवढं मी सांगितलं. सड धुतल्यावर कोरडे करा, हेही. अंगठा मुडपून धार काढू नका, मुठीनं काढा, सडाला आतून इजा होते.

एक गोष्ट सांगावी लागली नाही. आमची आजी धार काढून झाल्यावरच म्हशीपुढे वैरण टाकायची. आधी टाकली तर पान्हा घालताना लक्ष लागत नाही, असं ती कारण द्यायची. खरं म्हणजे धारेनंतर सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो. वैरण पुढे असली की म्हैस तेवढा वेळ उभी राहते, शेणात बसत नाही. पाठ्यपुस्तकात हीच सूचना दिली आहे. आजीचं कारण वेगळं होतं, तरी म्हशीची कास त्यानं राखली गेली.

इथे औषधांबाबत वारं बदलतंय. पूर्वी गाई आटवताना सरसकट सगळ्यांना अँटिबायोटिक द्यायचे. न्यूझीलंडच्या पशुवैद्यक संघटनेनं २०१५ मध्ये ध्येय जाहीर केलं, की २०३० पर्यंत निरोगी जनावरांना निरोगी ठेवण्यासाठी अँटिबायोटिकची गरज पडू नये. आता तपासून लागेल तिलाच औषध, बाकीच्यांच्या सडात बिस्मथच्या क्षाराचं मऊ बूच, निसर्गाचं बूच कच्चं राहिलं तर हे असावं म्हणून. ते चांगलं चालतं. पण बूच भरून पुन्हा त्याच राडीत दहा दिवस ठेवायचं का, हा माझा प्रश्न.

त्यासाठी मी एका फार्मवर साधी तुलना करते आहे. काही गाई नेहमीच्या शेडजवळच्या पॅडॉकमध्ये, काही शेवटचे दहा दिवस उंचावरच्या, गवत राखून ठेवलेल्या, पाणी निचरणाऱ्या पॅडॉकमध्ये, दाटी न करता. वासरं दिवसातून दोनदा उचलायची. अडचण अशी, की माझं कंत्राट दोन वर्षांचं आहे आणि ऑगस्ट वर्षातून एकदा येतो. एक ऑगस्ट कोरडा गेला. एक शिल्लक आहे. दोन ऑगस्टांवरून काही ठामपणे म्हणता येत नाही, आणि तिसऱ्या ऑगस्टला मी कुठे असेन सांगता येत नाही. परदेशात कंत्राटावर काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. तोपर्यंत उणे ऐंशीच्या फ्रीझरमधल्या प्रत्येक डब्यावर मी पॅडॉक, तारीख आणि आदल्या आठवड्याचा पाऊस लिहून ठेवते आहे, पुढच्या माणसाला माझी वही शोधावी लागू नये म्हणून.

फार्मच्या मालकीणबाईंनी निकालाची वाट पाहिली नाही. याच जूनमध्ये, ट्रकांची गर्दी ओसरल्यावर, त्यांनी उंचावरच्या पॅडॉकभोवती आणखी तार ओढली आणि सगळ्या पहिलारूंसाठी तो राखून ठेवला. मी म्हटलं, अहो, मग मला तुलना कशाशी करायची? त्या म्हणाल्या, तुझ्या तुलनेपायी माझ्या कालवडी चिखलात ठेवू काय! शेवटी तडजोड झाली: निम्म्या जुन्या गाई शेडजवळ, बाकीच्या वर. ऑगस्टमध्ये चारला ये, म्हणाल्या, आणि फाटकाशी बूट धुऊन ये.